आदेश निघाला, कार्यमुक्ती कधी?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला बदलीची बातमी पूर्वी पंचायत समितीच्या फलकावर कळायची, आणि बऱ्याचदा त्याच्या आधीच एखाद्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याकडून. आता ती मोबाइलवर येते. लॉगिन करायचे, आदेश उघडायचा, नव्या शाळेचे नाव वाचायचे. डहाणू तालुक्याच्या पूर्वेला सायवनकडच्या शाळेत असलेला शिक्षक असो की तलासरीत उधव्याकडचा, दोघांना एकाच रात्री कळते. रेंज मिळाली तर.

पुढचे मात्र त्या रात्री कळत नाही. पदभार कोणाकडे द्यायचा, जागेवर येणारा शिक्षक कधी रुजू होणार, गटशिक्षणाधिकारी कार्यमुक्तीचे पत्र कधी काढणार, अंतिम वेतन प्रमाणपत्र कधी मिळणार, सेवापुस्तक कोणत्या टपालाने जाणार, शालार्थ या पगारप्रणालीवरचे नाव एका शाळेतून दुसऱ्या शाळेत कधी सरकणार आणि पहिला पगार कोणत्या महिन्यात हाती पडणार? महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत बदलीतला निर्णय संगणकावर नेला. निर्णयानंतरचे हस्तांतर बहुतांशी फायलीतच राहिले. गुजरात आणि दादरा-नगर हवेलीला लागून असलेल्या डहाणू-तलासरीत ही फट सर्वांत जास्त जाणवते, कारण इथून बाहेर पडायला रांग असते आणि आत यायला नसते.

हे दोन तालुके कसे आहेत, ते आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत डहाणूची लोकसंख्या चार लाखांच्या थोडी वर आणि तलासरीची दीड लाखाच्या आसपास होती. तलासरीत दर दहा माणसांतली नऊ आदिवासी. वारली बहुसंख्य, शिवाय धोडिया, दुबळा, कोकणा, मल्हार कोळी. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा कायद्याच्या कक्षेत येतात. पश्चिमेला रेल्वे, चिकूच्या वाड्या, बोर्डी-घोलवडची जुनी शिक्षणपरंपरा. मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग. आणि महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की डोंगर, पाडे, एकेका पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळा. १६ एप्रिल २०१३ ला मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून विरार-पालघरला राहून डहाणूत नोकरी करणे सोपे झाले. पूर्वेच्या पाड्यांसाठी मात्र डहाणू रोड स्टेशन हा प्रवासाचा शेवट ठरत नाही. तिथे निम्मा प्रवास झालेला असतो.

त्यात एकाच गावात तीन सरकारे नांदतात, असे म्हटले तरी चालेल. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाची बदली ग्रामविकास विभागाच्या धोरणाने होते, त्याचा अभ्यासक्रम, संचमान्यता आणि पगाराची प्रणाली शालेय शिक्षण विभागाची असते. शेजारची शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची; तिचा कारभार डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो आणि त्या कार्यालयाच्या पदरी डहाणू, तलासरी, पालघर, वसई असे चार तालुके आहेत. तिसरी, संस्थेची अनुदानित शाळा. अंगणवाडी महिला व बालविकासची, आरोग्यसेविका जिल्हा परिषदेची, ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर सार्वजनिक आरोग्य विभागाचा, तलाठी महसुलाचा. यांतले बहुतेक जण कधी ना कधी बदलून जातात आणि प्रत्येकाच्या जाण्याची रीत वेगळी. एका विभागाच्या संगणकाला दुसऱ्याच्या संगणकाशी बोलता येत नाही. एका शाळेचा शिक्षक आणि त्याच गावातली आरोग्यसेविका एकाच महिन्यात गेले, तर त्या जागा रिकाम्या झाल्याचे एका पडद्यावर कोणालाच दिसत नाही.

राज्यात बदल्यांना कायद्याची चौकट आली ती २००५ च्या अधिनियमाने. तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. त्याचे लांबलचक नाव मुद्दाम पाहण्यासारखे आहे: शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. एकाच कायद्यात बदली आणि दिरंगाई. साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम, आणि उत्तरार्धात एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये अशी तरतूद. दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या प्रकरणाला ४५ दिवस, जाणाऱ्याला तीन महिने. कायदा करणाऱ्यांना बदली आणि विलंब यांचे नाते उमगले होते, असे म्हणायला जागा आहे. पण पहिल्या अर्ध्यावर जेवढी कोर्टबाजी झाली, तेवढी दुसऱ्यावर झाली नाही. बदली रद्द करायला कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. सेवापुस्तक आठ महिने अडकले म्हणून सहसा कोणी जात नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी खरा फरक पडला २०१७ मध्ये. पंकजा मुंडे ग्रामविकास मंत्री असताना २७ फेब्रुवारी २०१७ ला निघालेल्या शासन निर्णयाने शाळांचे सर्वसाधारण आणि अवघड असे दोन भाग केले आणि जिल्हांतर्गत बदल्या संगणकाने करायचे ठरवले. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्याला बदलीचा अधिकार. सोप्या भागात बरीच वर्षे मुरलेला बदलीपात्र. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता यांना विशेष संवर्ग एक. तीस किलोमीटरपलीकडे नोकरी करणारे पती-पत्नी विशेष संवर्ग दोन. प्रत्येकाने पसंतीच्या शाळांचा क्रम भरायचा. २०१८ च्या मे महिन्यात राज्यभर पहिली मोठी फेरी झाली. अधिकार असलेल्याने मागितलेल्या शाळेत जो बसलेला असे, त्याला उठावे लागे. शिक्षकांच्या बोलीत त्याला खो बसला. खो बसलेल्याची पसंती कुठेच जुळली नाही, तर उरलेल्या जागांत त्याला यंत्र टाकील तिथे जायचे.

या फेरीवर टीका पुष्कळ झाली आणि ती बरीचशी रास्त होती. जोडपी लांब पडली, अंतराचे आणि आजारपणाचे दाखले खरे की खोटे हे तपासण्यात अनेक जिल्हा परिषदांचा वेळ गेला. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. मे महिन्यात शिक्षणाधिकाऱ्याच्या दालनाबाहेर चिठ्ठ्या घेऊन उभे राहणाऱ्यांची गर्दी त्या वर्षी ओसरली. ज्याला कोणाची ओळख नव्हती, त्या शिक्षकाला पहिल्यांदा आपला क्रम कितवा हे कळले. यंत्र निष्ठुर असले तरी त्याच्यापाशी वशिला चालत नाही, ही भावना त्या काळात मोलाची होती.

पुढची पायरी ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयांची. पुणे जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी आयुष प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने धोरणाची मांडणी नव्याने केली आणि पुण्याच्या विन्सिस कंपनीने स्वतंत्र संगणकप्रणाली बनवली. कोविडमुळे विस्कटलेले चक्र २०२२ मध्ये पुन्हा फिरू लागले. आधी आंतरजिल्हा, मग जिल्हांतर्गत. शिक्षकाने माहिती भरायची, गटशिक्षणाधिकाऱ्याने तपासायची, शिक्षणाधिकाऱ्याने मान्य करायची, आणि प्रत्येक पायरीवर मोबाइलवर ओटीपी. कागद जवळजवळ संपला. राज्यातल्या एवढ्या मोठ्या नोकरवर्गासाठी ही छोटी गोष्ट नव्हे. कर्नाटकाने शिक्षकांच्या बदल्यांसाठी २००७ मध्येच कायदा करून संगणकीय समुपदेशन आणले होते आणि हरियाणाने २०१६ मध्ये ऑनलाइन धोरण. महाराष्ट्र या रांगेत थोडा उशिरा, पण मोठ्या पसाऱ्यानिशी आला.

अवघड शाळा कोणती, हे ठरवायला सात निकष आहेत आणि त्यांतले किमान तीन लागू व्हावे लागतात. पेसा किंवा नक्षलग्रस्त गाव, दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वन्य प्राण्यांचा उपद्रव, रस्त्याचा अभाव, संवादछाया (मोबाइलला रेंज नसलेला भाग), डोंगराळ भाग, महामार्गापासूनचे अंतर. निकष कागदावर चोख आहेत. तलासरीत मात्र त्यांची गंमत होते. महामार्ग तालुक्याच्या पोटातूनच जातो, त्यामुळे नकाशावर फार थोडी गावे त्याच्यापासून लांब ठरतात. चारोटी किंवा अच्छाडला उतरून पुढे जीप कधी मिळेल, हे अंतर कोणत्याच पट्टीने मोजले जात नाही. आणखी एक. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसराला भूकंपाच्या धक्क्यांनी पछाडले. लोक तंबूत झोपले, शाळा काही काळ उघड्यावर भरल्या. त्या शाळांत शिकवणे अवघड होते की नाही, हे मुलांना आणि शिक्षकांना पुरेपूर ठाऊक आहे. सात निकषांत भूकंप नाही.

सर्वांत मोठा पेच आंतरजिल्हा बदलीचा. पालघर जिल्ह्यात भरती झालेले कितीतरी शिक्षक मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि तळकोकणातले. घरापासून चारशे-पाचशे किलोमीटरवर नोकरी, आईवडील गावी, आणि वर्षातून दोनदा एसटीचा किंवा रेल्वेचा रात्रभराचा प्रवास. त्यांना गावाकडे जायचे असते आणि त्यात चूक काहीच नाही. जिल्हा बदलला की ज्येष्ठता शून्यावर येते, नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाशी बसावे लागते. तरी हे लोक ते पत्करतात. त्यावरून ओढ किती आहे, ते कळावे.

पण आदेश मिळाला म्हणजे शिक्षक सुटला असे होत नाही. जिल्ह्यातली रिक्त पदे दहा टक्क्यांहून जास्त असतील, तर त्याला कार्यमुक्त करता येत नाही, असे बंधन आंतरजिल्हा बदल्यांवर घालण्यात आले. पालघरसारख्या जिल्ह्यात हे बंधन म्हणजे जवळजवळ कुलूपच. संगणक म्हणतो तुमची बदली झाली. जिल्हा परिषद म्हणते तुमच्या जागी माणूस येऊ द्या. मधल्या महिन्यांत तो शिक्षक मनाने निघून गेलेला असतो आणि देहाने वर्गात उभा असतो. शिवाय तिकडच्या जिल्ह्यात त्याच्यासाठी धरलेल्या जागेचा बिंदू राखीव राहतो, म्हणजे दोन्हीकडे एक जागा अडते. प्रशासनाचीही बाजू खोटी नाही. तिघांपैकी दोघे सोडले तर पहिली ते पाचवीचे वर्ग एकट्याने कसे चालवायचे?

इथे एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. माणसे आणि जागा यांची जुळवणी करण्याचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडले. अमेरिकेतल्या शिकाऊ डॉक्टरांची नेमणूक त्याआधीच, १९५२ पासून, अशा केंद्रीय जुळवणीने होत होती. याच विषयातल्या कामासाठी शॅप्ली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फ्रान्समध्ये सरकारी शिक्षकांच्या नेमणुका गुण आणि पसंतिक्रम यांवरून संगणक करतो. तिथेही अनुभवी लोक दक्षिणेकडे किंवा आपल्या गावाकडे सरकतात आणि नवखे शिक्षक पॅरिसभोवतीच्या क्रेतेय, व्हर्साय या विभागांत जाऊन पडतात, जिथे गरीब आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वस्त्याही आहेत. म्हणजे गणित कितीही निर्दोष असले, तरी ते लोकांच्या पसंतीच जुळवते. ज्या जागेला कोणीच पसंती देत नाही, तिला गणित शिक्षक देऊ शकत नाही. क्रेतेयला जे घडते ते तलासरीला घडते. यंत्राने ते घडवलेले नाही, ते फक्त यादीच्या रूपाने उघड केले.

मग जागा भरायच्या कशा? भरतीसाठी २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले, त्याच्या दोन मोठ्या फेऱ्यांमध्ये वर्षांचे अंतर पडले. अनुसूचित क्षेत्रातली पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याविषयी राज्यपालांनी २०१४ मध्ये अधिसूचना काढली होती. ती पदे न्यायालयीन वादात अडकली. ७ जुलै २०२३ ला निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजार रुपयांवर घेण्याचा निर्णय झाला आणि डी.एड. झालेल्या तरुणांनी विचारले, आम्ही घरी बसायचे का? ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या टाकल्या. धनगर समाजाच्या आदिवासींतील समावेशाला विरोध आणि पेसा भरती या त्यांच्या मागण्या होत्या. त्यानंतर पेसा क्षेत्रात मानधनावर नेमणुका सुरू झाल्या. डहाणू-तलासरीच्या शाळांना त्यामुळे माणसे मिळाली, आणि त्यांतली बरीच वारली किंवा धोडिया घरातली असल्याने पहिलीच्या वर्गात मुलांशी बोलायला अडत नाही. मानधनावरच्या माणसाला मात्र सेवापुस्तक नसते आणि बदलीच्या प्रणालीत त्याला स्थान नसते. जागा भरलेली आहे की रिक्त, या प्रश्नाला संगणक एक उत्तर देतो आणि वर्ग दुसरे.

भाषेचा मुद्दा जाता जाता सांगून सोडण्यासारखा नाही. घरात वारली बोलणारे सहा वर्षांचे मूल नांदेड किंवा साताऱ्याहून आलेल्या गुरुजींची मराठी समजून घेते आणि गुरुजी त्याची बोली. दोघांना एकमेकांची सवय व्हायला वर्ष जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अनुताई १९९२ मध्ये गेल्या तोपर्यंत कोसबाडशी जोडलेल्या राहिल्या. नोकरदार शिक्षकाकडून असे आयुष्य मागणे अन्यायाचे आहे. पण तीन वर्षांनी अधिकार मिळतो म्हणून अडीच वर्षांनी मन उठते, हेही खरे. आणि या हिशेबात बोली शिकलेल्या शिक्षकाला थांबायला काही कारण कोणत्याच धोरणाने दिलेले नाही.

आता हस्तांतराकडे येऊ. मुख्याध्यापकाचा पदभार सोडणे म्हणजे जनरल रजिस्टर, दाखल्यांचे पुस्तक, कीर्द, जडवस्तू नोंदवही, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावरची सही, शाळेची किल्ली. एवढे पूर्वीही होते. त्यात गेल्या दशकात युडायसचे लॉगिन, सरलचे लॉगिन, पोषण आहाराच्या ॲपचे लॉगिन आणि शिष्यवृत्तीचे लॉगिन यांची भर पडली. या लॉगिनांना जोडलेला मोबाइल नंबर बऱ्याचदा जाणाऱ्याचाच असतो. त्यामुळे बदली होऊन लातूरला गेलेल्या गुरुजींना तलासरीच्या शाळेचा ओटीपी विचारायला महिनोन्‌महिने फोन जात राहतात. रजिस्टर हाती देऊन सही घेता येते; ओटीपी कोणत्या पदभार यादीत लिहिणार?

याच तालुक्यांत महसूल खात्याने हा प्रश्न जरा बऱ्या रीतीने हाताळला. ई-फेरफारमध्ये तलाठ्याचे काम त्याच्या डिजिटल सहीने चालते आणि सही सजाशी जोडलेली असते. तलाठी बदलला की जुनी जोडणी काढून नवी करावी लागते. त्याला दिवस लागतात, कधी लोक खोळंबतात, पण जुना तलाठी दुसऱ्या सजात बसून पहिल्या सजाचा फेरफार नोंदवू शकत नाही. खाते माणसाचे की पदाचे, हा साधा वाटणारा प्रश्न तिथे सुटलेला आहे. शिक्षण खात्यात तो अजून लोंबकळतो.

पगाराची बाजू आणखी नाजूक. शालार्थ प्रणाली २०१२ च्या अखेरीस आली आणि शिक्षकांचे पगार संगणकावर गेले. २०१८ च्या जानेवारीत ती कोलमडली आणि पुढचे बरेच महिने देयके ऑफलाइन द्यावी लागली. म्हणजे ज्या वर्षी बदल्या पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर संगणकाने झाल्या, त्याच वर्षी पगाराचा संगणक बंद होता. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडींचे प्रकरण उघडकीस आले आणि अधिकाऱ्यांना अटकाही झाल्या. त्यानंतर नावे जोडण्याच्या आणि सरकवण्याच्या कामावरची तपासणी कडक झाली. ती व्हायलाच हवी. पण बदलीचा आदेश देणारी प्रणाली ग्रामविकासची आणि पगाराची शिक्षण खात्याची, त्यामुळे आदेश खरा आहे हे दुसऱ्या प्रणालीला सांगायला अजून कागदच न्यावा लागतो. अंतिम वेतन प्रमाणपत्र हाच तो कागद. त्यात मूळ वेतन, वेतनवाढीची तारीख, कपाती, अग्रिमे. प्रत्येक आकडा आधीच कुठल्या तरी संगणकात असतो. लिपिक तो पाहून पुन्हा टंकतो, सही होते, टपाल जाते.

जुन्या शिक्षकांच्या भविष्य निर्वाह निधीचे खाते एका जिल्हा परिषदेतून दुसरीत जाते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचे हाल निराळे: अंशदान निवृत्तिवेतन योजनेत कपात झाली, पण वर्षानुवर्षे हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत, अशी तक्रार राज्यभर होती, पुढे ती खाती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत वळवताना जुन्या जिल्ह्याचा हिशेब नव्या जिल्ह्याने शोधायचा. ठाणे-पालघरच्या शिक्षकांना यात एक जादा वळसा पडला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा ठाणे जिल्हा परिषदेची माणसे, जागा आणि दप्तरे दोन ठिकाणी वाटावी लागली. कर्मचाऱ्यांकडून विकल्प घेतले. काहींना विकल्पाच्या उलट जिल्हा मिळाला आणि ते प्रकरण वर्षे चालले. तलासरीच्या माणसाला ठाण्याऐवजी पालघर जवळ आले हे मोठेच काम झाले. ज्याची नोकरी १९९० च्या दशकात ठाण्यात सुरू झाली, त्याच्या निवृत्तीच्या वेळी मात्र एखादी जुनी नोंद ठाण्याच्या कपाटात निघते.

खासगी क्षेत्रात हे काम सोपे असते असा समज आहे. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचे उदाहरण घ्या. पाचशे मेगावॅटचे हे केंद्र बीएसईएसने उभारले, मग ते रिलायन्सकडे आले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या वीज व्यवसायासह अदानींकडे गेले. गेट तेच, बॉयलर तेच, मालक तिसरा. अशा वेळी कामगाराची सेवा अखंड धरायची की नाही, याची तरतूद तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एफएफ म्हणून फार पूर्वीपासून होती: सेवा खंडित होऊ नये, अटी कमी फायद्याच्या होऊ नयेत, आणि पुढे नुकसानभरपाईची वेळ आली तर जुनी वर्षे मोजली जावीत. हे झाले, तर माणसाला मधे काही करावे लागत नाही. माणूस एकाच सरकारच्या एका विभागातून दुसऱ्यात जातो, तेव्हा मात्र स्वतःची जुनी वर्षे त्याला स्वतःच्याच पाठीवर वाहावी लागतात. आश्रमशाळेतला कर्मचारी जिल्हा परिषदेत निवडला गेला, तर जुनी सेवा जोडून घेण्याचा अर्ज, नाहरकत प्रमाणपत्र, राजीनामा तांत्रिक की खरा याचा खुलासा, हे सगळे त्याच्या माथी.

सुधारणेच्या हालचाली आहेत. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातल्या आगीनंतर ई-ऑफिसला जोर आला. २०२५ मध्ये सरकारने शंभर आणि मग दीडशे दिवसांचे कार्यक्रम आखले आणि ई-गव्हर्नन्स त्यांच्या केंद्रस्थानी ठेवले. सेवापुस्तके संगणकावर नेण्याचे बोलले जाते. पण सेवापुस्तकाची पाने स्कॅन करून ठेवणे वेगळे आणि त्यातली प्रत्येक नोंद माहिती म्हणून भरणे वेगळे. स्कॅन केलेले पान बदलीच्या प्रणालीला वाचता येत नाही. वीस वर्षांची नोंदवही तपासून भरायला लिपिक लागतो आणि पंचायत समितीतल्या लिपिकाच्या जागाही रिक्त असतात, किंवा त्याच्याकडे दोन टेबलांचा प्रभार असतो.

करता येण्यासारखी कामे मोजकी आहेत आणि त्यांत अवघड तंत्रज्ञान एकही नाही. बदलीचा आदेश निघाला की त्याच क्षणी शालार्थला, निधीच्या हिशेबाला आणि नव्या गटशिक्षण कार्यालयाला तो आपोआप जावा. अंतिम वेतन प्रमाणपत्र पगाराच्या प्रणालीतूनच निघावे. शाळेचे लॉगिन पदाला जोडावे आणि कार्यमुक्तीची नोंद होताच जुन्या माणसाचा नंबर सुटावा. कार्यमुक्ती थांबवायची असेल तर कारण आणि तारीख पोर्टलवरच लिहावी, म्हणजे अडकलेल्यांची संख्या तालुकावार दिसेल. आणि जागा मोजताना मानधनावरचे शिक्षकही मोजावेत, वेगळ्या रकान्यात. रुजू होण्याचा अवधी १९८१ च्या नागरी सेवा नियमांत तयारी आणि प्रवास धरून ठरवलेला आहेच. कार्यमुक्तीलाही तशीच मुदत घालायला कोणाची हरकत असू नये. यातले शेवटचे काम मंत्रालयातून व्हायचे, बाकीची बरीचशी दोन विभागांच्या सचिवांनी एकत्र बसून.

तोवर नवी वळणे येतच आहेत. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका खटल्यासह अनेक अपिलांवर निकाल देताना सांगितले की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. म्हणजे कोणाची किती वर्षे उरली, कोणाची पात्रता आहे, कोणाला सूट, ही माहिती आता शिक्षकागणिक लागणार आहे. ती तलासरीच्या पंचायत समितीतल्या सेवापुस्तकांच्या कपाटातूनच काढावी लागेल, आणि त्यांतली काही सेवापुस्तके बदलून गेलेल्यांची असूनही अजून तिथेच आहेत.